तळे, साडी आणि कूस : महाड १९२७ चे एक वाचन

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याकाठी माणसांचा पूर लोटतो. पुस्तकांच्या पथाऱ्या, निळे झेंडे, तान्ही मुले कडेवर घेऊन आलेल्या बाया, ओंजळीत पाणी घेऊन क्षणभर डोळे मिटणारी म्हातारी माणसे. रायगडच्या किनारपट्टीवर मराठी शिकवणाऱ्या आम्हां काही प्राध्यापकांना हे दृश्य अंगवळणी पडले आहे. दलित साहित्याची अभ्यासपत्रिका आली की महाडचा धडा येतो, आणि तो आम्ही ठरलेल्या क्रमाने शिकवतो : १९२३ चा सीताराम केशव बोले यांचा मुंबई कायदेमंडळातील ठराव, मार्च १९२७ ची परिषद, तळ्याचे पाणी, त्यानंतरची मारहाण, तळ्याचे ‘शुद्धीकरण’, डिसेंबरमधील मनुस्मृतिदहन, न्यायालयीन लढा आणि १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. शेवटी, वेळ उरला तर, एक वाक्य : त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना साडी नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले आणि ती त्यांनी बदलली.

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या वर्गात या शेवटच्या वाक्यापाशी एका मुलीने आम्हांला थांबवले. ‘मॅडम, साडी खाली आली. पण पुढे काय झाले?’ वर्गात हशा पिकला. तिला हसू आले नव्हते. उत्तर म्हणून आम्ही जे बोललो ते आज आठवले तरी संकोच वाटतो. अस्मिता, जागृती, आत्मसन्मान असे चार जड शब्द आम्ही तिच्या अंगावर टाकले. प्रश्न मात्र तिथेच राहिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. महाडची लढाई पाण्याची होती हे निर्विवाद. परंतु त्याच वेळी ती स्त्रीच्या देहावर आणि तिच्या कुशीवर कोणाची सत्ता चालणार याचीही लढाई होती, आणि ही दुसरी लढाई आपण अभ्यासक्रमाच्या समासात ढकलली आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी थोडा भूगोल. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री महाडवरून पुढे जाते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मधून समुद्राला मिळते. उत्तर काठ रायगडचा, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा. दक्षिण काठ रत्नागिरीचा. डिसेंबर १९२७ मध्ये आंबेडकर महाडला आले ते याच जलमार्गाने : मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदर आणि तिथून पुढे महाड. दक्षिण काठावरच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. त्याला लागून असलेल्या दापोली तालुक्यातील मुरूड हे कर्वे घराण्याचे गाव. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ साली तिथलाच. आंबेडकरांच्या बालपणीची काही वर्षेही दापोलीच्या कॅम्पात गेली. एकाच टापूशी जोडलेली ही दोन माणसे. एकाचे ‘बहिष्कृत भारत’ एप्रिल १९२७ मध्ये मुंबईत सुरू झाले, दुसऱ्याचे ‘समाजस्वास्थ्य’ त्याच मुंबईत जुलै १९२७ मध्ये. दोन्ही नियतकालिके बव्हंशी संपादकांनी एकहाती लिहिलेली, दोन्ही तोट्यात चाललेली. आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र त्यांची प्रकरणे वेगळी, त्यांचे वाचक वेगळे आणि त्यांचे अभ्यासकही वेगळे.

या किनाऱ्यावर स्त्रीच्या देहाचा प्रश्न १९२७ साली प्रथम आला असे नाही. त्याच्या अर्धशतक आधी टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव जोशी बदली होऊन अलिबागला आले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांची बालिकावधू होती. आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले होते. कल्याणच्या नातेवाइकांच्या नजरेआड बायकोला शिकवता यावे, हा अलिबागच्या मुक्कामाचा एक लाभ. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने हा काळ मराठी वाचकांच्या मनात कोरला. परंतु कादंबरीच्या प्रेमात पडलेले आपण दोन गोष्टी सहज विसरतो. पहिली अशी की चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. दुसरी अशी की पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने दहाव्या-बाराव्या वर्षी त्याच्या हातून सोसलेल्या मारहाणीची आणि धमक्यांची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली होती. ज्याने शिकवले त्यानेच मारले, आणि दोन्हींसाठी तिची संमती कोणी विचारली नाही. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यक महाविद्यालयात तिने पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. यात आम्हांला योगायोग दिसत नाही. जे तिच्या देहावर न विचारता घडले, ते तिने ज्ञानाचा विषय केले. पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधी, पुण्यात तिचा अंत झाला.

आनंदीबाईंची कथा एका घरातली आहे. तीच सत्ता जातिव्यवस्थेचा पाया कशी असते याची मांडणी तिच्यानंतर तीस वर्षांनी झाली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी दाखवून दिले की जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनामुळे. आणि हे बंधन टिकवायचे तर स्त्रीच्या लग्नावर, वैधव्यावर, अपत्यजन्मावर पहारा बसवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांकडे सुधारक एकेक सुटी दुष्ट रूढी म्हणून पाहत; आंबेडकरांनी त्यांना जातीच्या कुंपणाचे खांब ठरवले. हा निबंध जवळ ठेवून महाडचे वाचन केले की तिथे घडलेल्या गोष्टींचा क्रमच बदलून जातो.

२५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडला मनुस्मृतीची प्रत जाळण्यात आली. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या दहनात अग्रभागी होते. हा ग्रंथ शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा आधार म्हणून जाळला गेला, हे आपण शिकवतो. पण त्यातील स्त्रीविषयक सूत्र कोणत्या शब्दावर उभे आहे? ‘रक्षण’ या शब्दावर. बालपणी पिता, यौवनात पती, वार्धक्यात पुत्र तिचे रक्षण करतो, म्हणून ती स्वातंत्र्याला पात्र नाही, असा तो युक्तिवाद आहे. राखण करणाऱ्याचे कर्तव्य आणि राखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे स्वातंत्र्यहरण एकाच श्लोकात शेजारी नांदतात. राखायचे काय, तर वंशाची शुद्धता, म्हणजे कूस. तेव्हा त्या खड्ड्यात जे जळाले त्यात ‘रक्षणाच्या’ मोबदल्यात स्त्रीने आपला देह गहाण टाकण्याचा करारही होता. १९९० च्या दशकापासून अनेक संघटना २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, त्याचे मर्म इथे आहे.

तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम असल्याने प्रत्यक्ष सत्याग्रह स्थगित झाला. परिषद आटोपत असताना आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. त्यातील साडीचा भाग सर्वांना ठाऊक आहे. कुशीचा भाग सहसा कोणी सांगत नाही. भावार्थ असा : आम्हां पुरुषांना तुम्ही जन्म दिला. तुमच्या पोटी येणाऱ्याला सार्वजनिक तळ्यावर पाणी मिळू नये आणि दुसऱ्या स्त्रीच्या पोटी येणाऱ्याला ते सहज मिळावे, असा तुमच्या कुशीत कोणता दोष आहे? एक तर मुले प्रसवणे थांबवा, नाही तर त्यांना लागणारा कलंक धुऊन काढा.

हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्ही दचकलो होतो. आयाबायांच्या सभेत असे बोलावे? पण थोडे थांबून पाहिले की ध्यानात येते : मातृत्व ही निसर्गाने लादलेली गोष्ट आहे, तिच्याबद्दल विचारायचे काही नसते, ही समजूतच तो वक्ता मोडीत होता. जन्म देणे हे कृत्य आहे, आणि कृत्य असेल तर त्याला अट घालता येते. गुलामगिरी जन्माला घालणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे. प्रजननाच्या हक्काचा इतका मूलगामी उच्चार त्या काळच्या मराठी सभाव्यासपीठावरून आम्हांला तरी अन्यत्र आढळलेला नाही.

आता साडीविषयी. गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे, कोपरापर्यंतची धातूची कांकणे, गळ्यातील ढीगभर माळा ही आवड नव्हती. ती ओळखपाटी होती. वाटेने जाणारी बाई कोणत्या वस्तीतील आहे हे शंभर पावलांवरून कळावे, आणि कळल्यावर तिच्याशी कसे बोलायचे, तिच्या अंगावर हात टाकण्याची हिंमत करायची की नाही, हे पाहणाऱ्याला ठरवता यावे, अशी ती सोय होती. गावकुसाबाहेरची स्त्री ‘रक्षणाच्या’ कराराबाहेर होती. उलट तिची असुरक्षितता हाच इतरांच्या प्रतिष्ठेचा पुरावा होता. म्हणून घोट्यापर्यंत आलेला साडीचा काठ हा आमच्या मते वेशभूषेचा प्रश्न नव्हता, तो रस्त्यावरून निर्धास्त चालण्याचा प्रश्न होता. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी या बायांना नव्या पद्धतीने साडी नेसायला मदत केल्याचे नमूद आहे. कायस्थ घरातील स्त्रीने आपल्या हाताने महार-चांभार स्त्रीच्या निऱ्या घालून देणे, ही त्या काळी तळ्याच्या पाण्याइतकीच विटाळ मोडणारी गोष्ट होती.

इथे एक खटकणारी बाबही नोंदवली पाहिजे. स्वच्छ राहा, दागिने टाका, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला वा मुलाला जेवण वाढू नका, मुलींना शिकवा, हे सारे स्त्रियांना सांगितले गेले. समाजाची प्रतिष्ठा सांभाळण्याचे ओझे पुन्हा स्त्रीच्याच खांद्यावर आले आणि आदर्श म्हणून समोर ठेवला गेला तो वरच्या जातीतील स्त्रीचा पेहराव, हा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो निराधार नाही. परंतु दारुड्या नवऱ्याला ताट नाकारण्याचा अधिकार बायकोला देणे ही मनूने आखलेल्या पतिसेवेची थेट अवज्ञा होती, हेही त्याच श्वासात सांगायला हवे.

महाडला सभा भरण्याच्या पाच महिने आधी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला होता. रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली, म्हणजे मेरी स्टोप्सने लंडनमध्ये आपले केंद्र उघडले त्याच वर्षी. या प्रचारापायी त्यांची विल्सन कॉलेजमधील गणिताची नोकरी गेली. त्यांनी व मालतीबाईंनी अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेतला आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली, ही गोष्ट आजच्या आकड्यांपुढे ठेवून पाहावी अशी आहे. त्यांची भाषा कोरडी, तर्ककठोर आणि क्वचित चावरी. स्त्रीला सुखाचा हक्क पुरुषाइतकाच आहे, आणि गर्भधारणेची भीती काढल्याखेरीज तो हक्क कागदावरच राहतो, हा त्यांचा गाभ्याचा मुद्दा. आंबेडकर कुशीवरील जातीचा शिक्का पुसू पाहत होते, कर्वे तिच्यावरील पापाचा शिक्का. प्रश्न एका टोकाला समूहाचा, दुसऱ्या टोकाला व्यक्तीचा. शत्रू मात्र एकच, तो धर्माच्या नावाने चालणारा पहारेकरी.

दोन्ही वाटा १९३४ साली एकत्र आल्या. ‘समाजस्वास्थ्या’वरील अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. त्याच वर्षी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने मालतीबाई बेडेकरांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली आणि विवाहाबाहेरील प्रेमाचा व मातृत्वाचा प्रश्न मराठी घरांच्या माजघरापर्यंत पोहोचला. कोर्ट, मासिक आणि कादंबरी हे तिन्ही एकाच वर्षी एकाच प्रश्नाशी झुंजत होते, ही गोष्ट १९३० नंतरच्या मराठी कादंबरीवर व्याख्याने देताना आम्ही स्वतः कित्येक वर्षे सांगितलेली नाही.

आंबेडकरांच्या दृष्टीने हा विषय एका खटल्यापुरता नव्हता. महाडनंतर सात महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाचे समर्थन केले. १९२९ साली तो कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी व साधनांच्या उपलब्धतेसाठी ठराव मांडला. त्यामागील आंबेडकरांच्या भाषणात एक मार्मिक निरीक्षण आहे : प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर त्यांच्यापैकी कोणीही एकाहून अधिक मुलाला तयार झाला नसता. ठराव फेटाळला गेला. संतती हा ईश्वरी प्रसाद आहे असे मानणाऱ्यांचे बळ सभागृहात मोठे होते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पुढे काय झाले? पुढे पंधरा वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, असे ठराव स्त्रियांनी स्वतः केले. संततिनियमनाचा मुद्दा अध्यक्षांनी स्वतः मांडला. महाडला ऐकायला बसलेली स्त्री नागपूरला व्यासपीठावर होती. हा प्रवास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथामुळे आपल्यापर्यंत आला. दोघींनी गावोगाव जाऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या आठवणी टिपल्या नसत्या, तर महाडच्या स्त्रिया आपल्याला केवळ साडी बदलणारा समूह म्हणूनच माहीत राहिल्या असत्या.

त्याहीपुढचा इतिहास सरळ रेषेत जात नाही. ‘संततिनियमन’ या कर्वेकालीन शब्दाची जागा स्वातंत्र्यानंतर ‘कुटुंबनियोजना’ने घेतली. शब्द बदलला तसा कर्ताही बदलला : नियमन करणारी स्त्री मागे सरली, नियोजन करणारे सरकार पुढे आले. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर उमटला. आणीबाणीत पुरुषांवर नसबंदीची सक्ती झाली. तिचा राजकीय धसका इतका बसला की त्यानंतर शस्त्रक्रियांचा भार जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांवर आला. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने सुरक्षित गर्भपाताची वाट खुली केली. परंतु निर्णयाची किल्ली डॉक्टरांच्या मताकडे ठेवली, आणि साधन निकामी ठरल्याची सवलत केवळ विवाहितेला दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आणला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला वगळणे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवले आणि या कायद्यापुरता पतीने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला. ‘या कायद्यापुरता’ हे शब्द महत्त्वाचे. कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रौढ पत्नीच्या बाबतीत पतीला मिळणारा जुना अपवाद तसाच आहे. म्हणजे पतीच्या बळजबरीतून राहिलेला गर्भ काढण्याचा हक्क तिला आहे. त्या बळजबरीला बलात्काराचा गुन्हा म्हणण्याचा मात्र नाही. मनूच्या करारातील एक कलम अजून शाबूत आहे, असे यावर कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

आमच्या वर्गातील मुली दुरून येतात. कोणी दोन एस.टी. बदलून, कोणी खाडी ओलांडून. संध्याकाळची बस चुकली की त्यांच्या चेहऱ्यावर जी छाया येते ती आम्ही ओळखतो. महाविद्यालयांत तक्रार समित्या आहेत, फलकावर त्यांची नावे आहेत. तरीही मुली तक्रार करीत नाहीत, आणि त्याचे कारण एकीने आम्हांला साध्या शब्दांत सांगितले : घरी कळले तर त्या मुलाचे काही होणार नाही, माझे कॉलेज बंद होईल. काळजीपोटीच बंद होईल. वडील रागीट नाहीत, प्रेमळ आहेत. त्यांना मुलीचे रक्षण करायचे आहे.

पुन्हा तोच शब्द. १९२७ साली स्त्रीने अंगभर साडी नेसून रस्त्यावरचा हक्क मागितला. आज त्याच अंगभर वस्त्राची सक्ती करून तिला रस्त्यावरून मागे बोलावले जाते. कापड तेच असते. ते कोणाच्या इच्छेने अंगावर आले, यावर त्याचा अर्थ ठरतो. कुशीचेही तेच आहे. मूल हवे हे सांगण्याचा आणि नको हे सांगण्याचा अधिकार एकाच तोंडी असेल, तरच त्या दोन्ही शब्दांना किंमत.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती त्या वर्षी परीक्षेला बसली नाही. लग्न ठरले असे मैत्रिणींनी सांगितले. तिला विचारून ठरले की नाही, हे आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते. त्यानंतर महाडचा धडा शिकवताना आम्ही क्रम बदलला आहे. तळ्यापासून सुरुवात करतो, आणि स्त्रियांच्या सभेला शेवटची पाच मिनिटे न ठेवता पूर्ण तास देतो. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘समाजस्वास्थ्य’ शेजारी शेजारी ठेवून बोलतो. काही मुली मान खाली घालतात, काही मुलगे खिडकीबाहेर पाहतात. मग मागच्या बाकावरून एखादा हात वर होतो. त्या हाताची आम्ही वाट पाहत असतो.